कागदावरचं अस्वल

२ एप्रिल १९५८. अंगणात मोहफुलं वाळत घातली होती. ती दुपारपर्यंत दोनदा तरी हलवावी लागत, नाहीतर खालची काळी पडत. तारीख लक्षात आहे, कारण त्याच सकाळी चांद्याच्या सैनिक कचेरीचं पत्र आलं. इंग्रजीत होतं, म्हणून मास्तरांनी ओट्यावर बसून अर्थ सांगितला: आठवड्याभरात साहेब चौकशीला येतील, साक्षीदार हजर ठेवावेत.

चौकशी माझ्या नवऱ्याच्या खांद्याची होती. तो तापाने जाऊन दोन वर्षं झाली होती.

आमच्या गावची शाळा चौथीपर्यंत. मुलगी चौथी पास होणार होती आणि तिला पुढे शिकायचं होतं. नागपूरला मुलींचं एक वसतिगृह होतं. लढाईत जखमी झालेल्या शिपायांच्या मुलींसाठी तिथे काही जागा राखून ठेवत. अर्ज मेअखेरपर्यंत द्यायचा होता. नवऱ्याच्या पत्र्याच्या पेटीत फौजेच्या दवाखान्याची चिठ्ठी होती: ब्रह्मदेशात डाव्या खांद्याला गोळी. पण दाखला मागितला तेव्हा कळलं, कचेरीत दुसराही कागद होता. लढाईनंतर गावात झालेल्या तपासणीचा. त्यावर लिहिलं होतं, रजेवर येताना अस्वलाने धरलं. खाली साक्षीदार म्हणून, गावची दवंडी देणाऱ्या आमच्या कोतवालभाऊंचा अंगठा.

हे अस्वल माझ्या नवऱ्यानेच आणलेलं. तो फौजेत भरती झाला तेव्हा आईला सांगून गेला होता की काम स्वयंपाकघरात आहे, बंदुकीशी संबंध नाही. मग खांद्याला पट्टी बांधून घरी कसं यायचं? मूल गावच्या स्टेशनावर उतरून तो रानातून चालत आला आणि वाटेत कोतवालभाऊ भेटले. दोघांनी मिळून अस्वल ठरवलं. आमच्याकडे मोह वेचायला गेलेल्यांना अस्वल धरायचंच, त्यात कुणाला नवल नव्हतं. आई घाबरणार नाही, एवढाच त्याचा हिशोब. मला त्याने खरं सांगितलं ते लग्नानंतर, आणि तेही मी पाठीला तेल लावताना विचारलं म्हणून.

पण भाऊंनी ते अस्वल पाळलं. दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरायची, रात्रभर दंडारीचा खेळ चालायचा, आणि दंडार सुरू होण्याआधी लोक भाऊंना म्हणायचे, "भाऊ, अस्वल होऊन जाऊ द्या." मग भाऊ उभे राहायचे. कुऱ्हाड अशी धरली, अस्वल असं उभं राहिलं. दरवर्षी ते थोडं उंच व्हायचं. माझा नवरा खाली बसून सगळ्यांबरोबर हसायचा. आज त्या मंडया आठवल्या की मलाही ते अस्वल दिसतं. तेव्हा मात्र ते मला आडवं आलं होतं.

त्याच संध्याकाळी मी भाऊंकडे गेले. ते दावं वळत बसले होते.

"भाऊ, साहेबापुढे खरं सांगा लागते."

"काय खरं?"

"अस्वल नोहतं म्हून."

"वा बाई! बारा वर्सं गावाले सांगतलं, आता नोहतं म्हनू? पोट्टे मांगं लागतील माह्या."

"तुमची हौस राहू द्या. पोरीची शाळा जाऊन राह्यली."

"आन् माही कोतवाली? खोट्यावर अंगठा देल्ला म्हून साहेब मले घरी बसवन." दावं बाजूला ठेवून ते म्हणाले, "तुह्या सासूले विचार आधी. तिले गोळी सांगशील?"

सासूबाई सत्तरीच्या होत्या. मी घरी आले, मोहफुलं सुपात भरली आणि सासूबाईंना गोळीचं सांगितलं नाही. आठ दिवस तसेच गेले. ती माझी चूक. मी सहसा काम टाळत नाही, ते टाळलं.

साहेब आले ते सकाळी, मूलहून बैलगाडीने. फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार, पांढऱ्या मिशा, कागदांची थैली. आमच्या ओट्यावर बसले, पाणी प्यायले, आणि भाऊंना म्हणाले, "हं, सांगा."

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं आणि सुरू केलं. अस्वल उभं राहिलं, कुऱ्हाड उचलली. साहेब लिहू लागले.

दारात बसून लसूण सोलत असलेल्या सासूबाई एकदम बोलल्या, "काऊन खोटं बोलून राह्यला रे?"

भाऊंची कुऱ्हाड हवेतच राहिली.

"माय, तुले काय मालूम? तू होती का तिथी?"

"तू अस्वल पाहलं, मी जखम पाहली." त्या साहेबांकडे वळल्या. "या गावात अस्वलानं धरलं का मानूस माह्याकडे आनतत. अस्वल तोंड धरते, डोस्क्याची साल काढते. माह्या पोराच्या तोंडावर खरोच नाई. खांद्याले पुढून बोटाएवढं भोक, मांगून मुठीएवढं. आन् रातीच धरलं म्हने, तं जखमेवर खपली कशी? अस्वलानं मलमपट्टी करून महिनाभर ठेवलं का त्याले?"

साहेबांनी मिशीवरून हात फिरवला. हसू लपवत असावेत.

"मग तेव्हाच का नाही बोललात?" त्यांनी विचारलं.

"त्याले वाटलं मले कळू नाई. मंग नाई कळलं." एवढं बोलून त्या पुन्हा लसूण सोलू लागल्या.

मी त्यांच्या हाताखाली दहा वर्षं घर केलं होतं आणि मला वाटत होतं, ह्या घरातलं मला सगळं ठाऊक आहे.

भाऊ ओट्याच्या कडेला टेकले. चेहरा पडला होता. साहेब त्यांना म्हणाले, "दोस्ताच्या आईसाठी बोललात, असं लिहितो. त्यासाठी कोणी कोतवाली काढत नाही. पण पहिला जबाब मागे घेतल्याचा अंगठा द्यावा लागेल."

भाऊंनी मुलीकडे पाहिलं. ती खांबाला धरून उभी होती.

"साहेब, कागदावर गोळी लिहा," ते म्हणाले. "पन गावात दवंडी नोका देऊ."

"दवंडी द्यायचं काम तुमचंच ना?"

"हो."

"मग नका देऊ."

भाऊंनी अंगठा दिला. सासूबाईंनीही दिला, हात पुसून. साहेबांनी जबाबाची सही-शिक्क्याची नक्कल मला दिली. म्हणाले, दुरुस्तीचा हुकूम वरून यायला वेळ लागेल, पण वसतिगृहाच्या अर्जाला ही नक्कल जोडा, बहुतेक चालेल. बहुतेक हा शब्द मला आवडत नाही, पण त्या दिवशी तेवढाच मिळाला.

रात्री मी अर्ज लिहून काढला. "वडील कसे जखमी झाले" या ओळीपुढे "ब्रह्मदेशात लढाईत, गोळीने" असं लिहिलं आणि शाई वाळेपर्यंत हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोहफुलं सासूबाईंवर सोपवली आणि मुलीला घेऊन पायी मूलला गेले. पोस्टात अर्ज रजिस्टर केला. मग बाजारात जाऊन तिच्या दोन झग्यांचं कापड घेतलं आणि शिंप्याला माप दिलं. उत्तर यायचं होतं, पण लग्नसराई सुरू झाली की शिंपी महिनाभर हाती लागत नसे. मी त्याला सांगितलं, खाली चार बोटं कापड दुमडून ठेव, पोरगी नागपूरला वाढणार आहे.