मिस्त्रीनं कपाटाची जागा काऊन विचारली?

मंडळी, आज आमच्या घरी नवी फरशी बसली. मिस्त्री फरशीच्या दुकानदारानंच पाठवला होता.

आल्या आल्या गोड बोलून विचारलं, "काकू, कपाट कुठी ठेवसान? अन् पलंग?" मले वाटलं, किती काळजी घेणारा माणूस! मी दोन्ही जागा दाखवल्या.

संध्याकाळी तो गेल्यावर मी उलथन्यानं सगळी फरशी ठोकून पाह्यली. मधात भरीव आवाज. पण कपाटाच्या अन् पलंगाच्या जागी पोकळ! खाली सिमेंटचा मसाला नीट भरलाच नाही.

लगेच दुकानदाराले फोन लावला. एवढंच म्हटलं, "भाऊ, फरशी पोकळ वाजते."

तो हसला. "जाऊ द्या काकू, कपाटाखाली कोण पाह्यते?"

मी तर कपाटाचं नावही घेतलं नव्हतं.

तुम्ही तुमच्या कपाटाखाली कधी ठोकून पाह्यलं का?