दशम्यांची पेटी आणि पाचगणीचा घोडा

काल वॉटर पार्कच्या दारात रखवालदाराने सुनेची पिशवी उघडली आणि दशम्यांचा वास आला. मी थेट लहानपणीच्या पाचगणीला पोचलो.

वडील फौजेतून सुट्टीवर आले होते. आईने आदल्या दिवशीच दशम्या आणि लसणाची चटणी त्यांच्या लोखंडी पेटीत भरली. "आवं, हाटेलात पाय ठेवायचा न्हाई," तिने कडेगावच्या स्टँडवरच त्यांना बजावलं. पठारावर गरम भज्यांसाठी मी भोकाड पसरलं, तरी ती बधली नाही. लय चिक्कू वाटली तेव्हा.

दशम्या खाऊन झाल्यावर तिने वाचवलेले पैसे घोडेवाल्याला दिले आणि लुगडं घट्ट खोचलं. तिला घोड्यावर बसायचंय, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.

"आवं, पोराला धरा. मी चक्कर मारून येते."