फुटाखालचा तुकडा

त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी केंद्रातल्या सगळ्या शिलाई मशिनींना तेल घातलं. मी कुपी घेऊन पुढं, कौसल्या मागं. कौसल्या माझी बायको. आमच्या वस्तीतल्या या केंद्रात काम नसलेल्या बायामाणसांना हुन्नर शिकवतात, नोकरीला लावून देतात. ती शिलाई शिकवायची. मी चौथी शिकलेला, वाळूजच्या कंपनीतून रिटायर झालेला फिटर. मशिनी बघायचो.

तेल घातल्यावर फुटाखाली, म्हणजे कापड दाबून धरणाऱ्या पायाखाली, चिंधीचा तुकडा ठेवावा लागतो. जास्तीचं तेल तो पितो. नायतर सकाळी नव्या कापडावर डाग. हे तुकडे ती माझ्या कंपनीच्या खाकी शर्टाचे कापायची.

"हा शर्ट संपला. आता दुसरा काढून द्या."

"तो नाय द्यायचा. चांगला हाये."

"कुठं घालून जाता? ड्यूटीवर?"

"असू दे ट्रंकेत. तुझं काय खातोय?"

ती हसली. शेवटचा तुकडा तिनं स्वतःच्या मशीनच्या फुटाखाली सारला. घरी आलो, जेवलो. पहाटे ती उठलीच नाय. डॉक्टर म्हणाले, हार्ट.

तेरावा झाल्यावर केंद्रात गेलो. बायांनी तिच्या मशीनला झेंडूचा हार घातला होता. हळद-कुंकू तर मूठमूठ. बाकीच्या मशिनी तशाच, तुकड्यांसकट. तिनं ठेवलेलं म्हणून कुणी हात लावला नव्हता. पडून राहिलं की तेल घट्ट होतं अन् मशीन जड जाते.

केंद्राच्या मॅडम म्हणाल्या, "काका, कपड्याच्या कंपनीचे साहेब नोकरीसाठी ट्रायल घ्यायला यायचेत. शिकवणारं कुणी नाही. बॅच रद्द करते."

"कशाला? कॉलरपर्यंत शिकवून गेलीय ती. आता हात बसवायचा तेवढा राह्यलाय."

सिल्लोडची शबाना पुढं आली. नवऱ्याचं काम सुटलं म्हणून लेकरं घेऊन शहरात आलेली. "मॅडम, बंद नका करू. ही नोकरी नाय लागली तर परत गावाला जावं लागंल. अन् तिथं काय हाये?"

मॅडमनी बॅच ठेवली. मी रॉकेल घालून एकेक मशीन मोकळी केली. कौसल्याची सोडून. तिला माझा हात लागंना.

ट्रायलच्या दिवशी साहेबांनी प्रत्येकीला कापलेली कॉलर दिली. "माझ्यासमोर शिवा. मला पुढं अजून एका ठिकाणी जायचंय." मशिनी सुरू झाल्या. थोड्या वेळात शबानाच्या मशीनच्या मोटारीला जळका वास आला. मशीन गपकन थांबली.

साहेब म्हणाले, "ती एक रिकामी आहे की. बसा तिच्यावर."

शबाना मागं सरली. "काका, बाईंची मशीन हाये. मैं नहीं बैठती."

मॅडम माझ्याकडं बघाया लागल्या. साहेब घड्याळाकडं.

मी हार काढला. ब्रश घेतला. कुंकू तेलात कालवून दातांत, म्हणजे कापड पुढं सरकवणाऱ्या पट्टीत, पार लगदा झाला होता.

"खंडेनवमीला हत्याराला कुंकवाचं बोट लावतात, बायांनो. तुम्ही तर हळदीला बसवलं हिला."

एकजण फिसकन हसली अन् तिथंच रडाया लागली. मी रॉकेल सोडलं, चाक हातानं फिरवलं, तेल दिलं. फूट उचलला. खाकी तुकडा काढला, त्यानंच वरचं तेल पुसलं.

"बस."

"काका..."

"बाईनं कॉलर शिकवली ती हार घालायला? बस म्हणलं ना."

शबाना बसली. बिस्मिल्ला म्हणली अन् सुई खाली घेतली. त्या मशीनचा आवाज बाकीच्यांपेक्षा जरा बारीक. मी भिंतीकडं तोंड करून उभा राह्यलो.

साहेबांनी कॉलरची दोन्ही टोकं चिमटीत धरून बघितली. "सोमवारपासून या."

बहुतेक साऱ्या नोकरीला लागल्या. राह्यलेल्या दोघींना पुढच्या ट्रायलला बोलावलंय. संध्याकाळी मशिनींना तेल घातलं, पण जुने तुकडे तेल पिऊन निकामी झालेले. कागद ठेवून भागवलं. मशीन वापरल्यानं झिजते, पण पडून राहिली तर लवकर जाते. तीस वर्षं हे दुसऱ्यांना सांगत आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रंकेतला खाकी शर्ट काढला. ती करायची तशी आधी बटणं उसवून डबीत टाकली. तिच्या कात्रीनं तुकडे कापले. वाकडे आले. पिशवीत भरले अन् केंद्र उघडायला गेलो.