गाण्यात गेलेला डाव

इलाची बोटं थांबली आहेत. जेवताना, बसची वाट बघताना, पाहुण्यांसमोर बसलेली असतानासुद्धा तिच्या उजव्या हाताची बोटं मांडीवर काहीतरी सरकवत असायची. डोक्यात कुठला तरी डाव सुरू असायचा. लहानपणी आम्ही तिला त्यावरून चिडवायचो. शनिवारपासून तो हात ताटाशेजारी नुसता पडलेला असतो. ताप असता तर गोळी दिली असती. हा ताप नाही, आणि मला दुसरं काही सुचत नाही.

इला माझी मुलगी. शाळांमध्ये बुद्धिबळ शिकवते आणि स्वतः खेळते. तिला हा खेळ शिकवला अण्णाजींनी. अण्णाजी माझे भासरे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे मोठे भाऊ. गणिताचे मास्तर होते, वर्ध्यात आमच्याच घराच्या वरच्या मजल्यावर राहतात आणि जिल्ह्याच्या बुद्धिबळ संघटनेचे सचिव आहेत. त्यांची शिकवण्याची रीत वेगळी. केळझरच्या गणपतीला जाताना इला स्कूटरवर त्यांच्या मागे बसायची आणि चाली ओरडून सांगायची. ते हँडल धरून उत्तराची चाल सांगायचे. पट नाही, सोंगट्या नाहीत. "पाहून तं कोणीही खेळते," ते म्हणायचे, "तू कानानं खेळजो."

आमच्याकडे संघटना दोन आहेत. दुसरी बापूरावांची. एकीच्या स्पर्धेत खेळलं की दुसरीचं दार बंद होतं. बापूरावांचा पुतण्या वैभव आणि इला यांची ओळख विद्यापीठाच्या स्पर्धेत झाली, कारण ती स्पर्धा या दोघांपैकी कोणाचीच नव्हती. पुढे ओळखीचं काय झालं ते मला इलाच्या फोनवर बोलण्याच्या आवाजावरून कळलं. अण्णाजींना कळलं नव्हतं, किंवा कळून घ्यायचं नव्हतं.

मोहिनीताई इला शिकली त्या कॉलेजात संगीत शिकवतात. त्यांनी यंदा एक संगीत नाटक बसवायला घेतलं. दोन राज्यं, दोन्हींचा एक-एक खेळाडू, राजांचं वैर आणि पटावर जमलेलं प्रेम. गाणारे आणि खेळणारे दोघं हवे होते, म्हणून इला आणि वैभव. मुख्य गाण्यात दोघं आळीपाळीनं चाली गातात. मोहिनीताईंनी इलाला म्हटलं, एखादा खरा डाव दे, खोटा नको. इलानं दिला. ऐकणाऱ्याला त्यातलं काही समजणार नाही, असं सगळ्यांनीच धरलं होतं. कानानं खेळायला शिकलेल्या माझ्या मुलीनंसुद्धा.

शनिवारी मी तालमीला डबा घेऊन गेले. अण्णाजींनीच स्कूटरवर सोडलं आणि "दोन मिनिटं आयकतो" म्हणून मागच्या खुर्चीवर बसले. गाणं सुरू झालं. अण्णाजींनी डोळे मिटले. मला वाटलं, सूर आवडला. मग त्यांचा अंगठा गुडघ्यावर सरकायला लागला, प्रत्येक चालीला. गाण्याच्या शेवटी नायिका थबकते, प्रेमासाठी जिंकायची चाल सोडून देते, आणि न खेळलेली ती चाल एकटीच गाते: घोडा जी-पाच. अण्णाजी उठले.

"इला, हा डाव कोणाचा हाय?"

"मोठेबाबा, गाणं आहे ते."

"मले गाणं नोको सांगू. हा तुह्या अन् आचलचा डाव हाय."

त्यावर इला जे बोलली, त्यातून मला पहिल्यांदा कळलं. मागच्या वर्षी निवड स्पर्धेच्या शेवटच्या फेरीत इलासमोर पुलगावची आचल होती. आचलचे वडील संघटनेचे अध्यक्ष. डाव इलाच्या हातात होता. अण्णाजींनी आदल्या दिवशी सांगितलं होतं, बरोबरी देजो. घोडा न उचलता इलानं बरोबरीचा हात पुढे केला, आणि त्या अर्ध्या गुणावर आचल राज्य स्पर्धेला गेली. इला घरी राहिली. मी तेव्हा समजूत घातली होती, की हार-जीत चालायचीच.

"गाणं बदला," अण्णाजी मोहिनीताईंना म्हणाले. मग इलाकडे न बघता, "नाई बदललं तं यंदाच्या निवड स्पर्धेच्या यादीत इचं नाव नाई."

"माझं नाव तुमच्या खिशात आहे का, मोठेबाबा?"

"सध्या तं हाय."

वैभव मध्ये बोलायला गेला. अण्णाजी म्हणाले, "तू चूप बस रे, बापूरावच्या प्याद्या. तुह्यासाठीच पोरगी घरचं बाहेर सांगून राह्यली." आणि मला तिथंच सोडून निघून गेले. डबा तसाच परत आला.

रविवारी वैभव आमच्या फाटकाशी आला. आत ये म्हटलं तर आला नाही, वरच्या खिडकीकडे बघत उभा राहिला. बापूरावांना सगळं कळलं होतं. त्यांचा निरोप होता, की इलानं अण्णाजींविरुद्ध लेखी तक्रार द्यावी आणि बापूरावांच्या संघात सरळ पहिल्या पटावर खेळावं.

"तू काय म्हणाला त्याईले?" इलानं विचारलं.

"मी म्हटलं, विचारून पाहतो."

"विचारलं. आता जा."

"इला, तुह्या भल्याचंच हाय."

"हो, मोठेबाबा बी हेच म्हणतेत. तुमी दोघं एकाच मास्तरकडे शिकले का?"

तो गेला. ती खोलीत गेली. तेव्हापासून तालमीला नाही, शाळांना नाही. मोहिनीताईंचे फोन मी घेते आणि "बरं नाही" सांगते. प्रयोग येत्या रविवारी आहे, यादी सोमवारी जायची आहे. वरच्या मजल्यावर पावलं वाजली की इला बोलता बोलता गप्प होते. माझे यजमान अच्युतराव म्हणतात, दादाशी वाकडं घेऊन या घरात राहता येत नाही. ते खोटं नाही. पाण्याची मोटर त्यांची, जिना एकच.

आज जेवणं झाल्यावर मी तिच्या खोलीत जाऊन बसले. म्हटलं, तुझी खरी भीती काय आहे ते तरी सांग. यादीची?

"यादी गेली उडत. गाणं बदललं तर नाव राहीन. अन् पुढच्या वेळी कोणाले अर्धा गुण द्यायचा असला, का मोठेबाबा पुन्हा मलेच सांगतीन."

"मग गाणं ठेव."

"आचल येऊन राह्यली प्रयोगाले. घरच्या सगळ्याईची तिकिटं काढली तिनं."

मग ती हळूहळू बोलली. आचलला काहीच माहीत नाही. तिला वाटतं, तिनं इलाला रोखलं. त्या दिवशी तिनं इलाला पेढा दिला होता. तो डाव खेळल्यावर तिनं सीएची शिकवणी सोडली आणि पूर्ण वेळ खेळायला लागली. गावातल्या मुलींना ती तोच डाव मांडून दाखवते, धीर सोडू नका म्हणून.

"घोडा म्हटलं का तिले समजन, आई. सगळ्याईच्या मधात बसून समजन."

"तू आधी सांग तिला."

"दोनदा लावला फोन. रिंग गेली का कापला. मी सांगितलं तर तिले वाटन, मी माहा अर्धा गुण वापस मागून राह्यली."

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि बाहेर आले. आता ती झोपली आहे. निदान दिवा बंद आहे.

मी हे लिहिते आहे ते मनात वाक्यं जुळवायला. अण्णाजी म्हणतील, सूनबाईनं घर फोडलं. बापूराव ही बातमी वापरतील, आणि इलानं डाव सोडला म्हणून दोन्ही दारं बंद होऊ शकतात. हे सगळं इलालाही कळतं. ती अडकली आहे ती मात्र आचलपाशी, आणि तिथून तिला स्वतःला उठता येत नाही. मला येईल. मी आचलची स्पर्धक नाही, कुठल्याच संघटनेची नाही. मी फक्त सांगेन, की बाई, तुझी यात चूक नाही, पण स्टेजवरून कळण्याआधी तुला इलाच्या घरच्या माणसाकडून कळावं. ती रडेल, किंवा फोन आपटेल, किंवा वडिलांना सांगेल. त्यानंतर गायचं की नाही ते इला ठरवील.

आचलचा नंबर माझ्याकडे आहे, मागच्या दिवाळीला तिनं शुभेच्छा पाठवल्या होत्या. सकाळी अण्णाजी फिरायला निघायच्या आत मी तिला फोन करणार आहे.