नकाशावरचे काळे ठिपके
उन्हाळ्यात डोंगराकडून राब भाजल्याचा धूर आला, की मला डिंभ्याच्या वरच्या वाडीतली ती दुपार आठवते. वनहक्काचा कायदा नवा होता आणि मी संघटनेसाठी लिहिलेली पिशवीभर पत्रकं घेऊन तिथं गेलो होतो. मोजणीच्या साहेबांनी सारवलेल्या अंगणात छापील नकाशा पसरला. त्यात वाडीच्या जागी नुसता हिरवा रंग होता. शेजारी उपग्रहाचं चित्र ठेवून ते म्हणाले, "यातही जंगलच आहे. शेतीची खूण नाही, जमिनीचा दावा बसत नाही." जिची जमीन जाणार होती ती मावशी चित्रावर वाकली. मी तावातावानं बोलू लागलो, तर म्हणाली, "भाऊ, तू जरा दम खा." मग तिनं चित्रातल्या हिरव्यात दिसणाऱ्या काळ्या ठिपक्यांवर बोट ठेवलं. "सायेब, ह्ये काय?" "ढगांच्या सावल्या." "मंग ढग कुठं हायेत? राव, ह्यो आमचा राब हाय. भाताचं रोप टाकायच्या आदी पालापाचोळा जाळतो, दरसाल त्याच जागी. चला, दावते." आम्ही चढ चढून गेलो. प्रत्येक ठिपक्याच्या जागी राख होती आणि खाली भाताची खाचरं. साहेब हसले, चूक कबूल केली आणि पंचनाम्याला कागद मागितला. मी पत्रक उलटं करून दिलं; त्याच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी पंचनामा लिहिला. त्यावर अंगठा उठवत मावशी म्हणाली, "आलं बग तुजं पत्रक कामाला." पत्रकं मी अजूनही लिहितो, तितक्याच रागानं, फक्त मागची बाजू कोरी ठेवतो.