चाचांची तोफ

"पहिले नाप घ्या, मंग बोला," असं म्हणून चाचा खिशातून कॅलिपर काढायचे. पायजमा आखूड झालेला असो की दाराची फळी फुगलेली, कॅलिपर निघायचाच. एकदा माझ्या भाकरीलाही लावला. "एका बाजूनं जाड हाये," म्हणाले. मी म्हटलं, दुसऱ्या बाजूनं खा.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. हे अंकुशनगरच्या साखर कारखान्यात लेथवर लोखंड कातणारे टर्नर होते. रिटायर होऊन तीर्थपुरीत आमच्या शेजारी राहायला आले. दोन्ही घरांना भिंत एकच, त्यामुळं मला सगळं कळायचं. चाचीचे कान गेल्ते. रमजानमध्ये अजान झाली की चाचा मान हलवायचे, मग ती खजूर तोंडात टाकायची. एका संध्याकाळी ते बाजारात अडकले. परत आले तर अंधार पडलेला, आणि ही ताट पुढं घेऊन तशीच उपाशी बसलेली.

त्यानंतर चाचांनी घरातच तोफ बनवायला घेतली. खरीखुरी, हातभर लांब, चाकांवरची.

"चाचा, त्यांच्या हाताला घड्याळ बांधा की," मी म्हटलं.

"पुरी गल्ली ऐकून रोजा सोडते. तिनंच का पाह्यचं माझ्या तोंडाकडं?"

 

तोफ तयार झाली त्या दिवशी चाचांनी गल्लीला सांगितलं, आज तोफेच्या बारावर रोजा सोडा. बार झाला. माझ्या मांडणीवरची भांडी खाली आली. आसपासच्या घरांनी रोजा सोडला. आणि पाच मिनिटांनी अजान झाली.

चाचांनी सगळं मापलं होतं, घड्याळ सोडून. ड्यूटीला उशीर नको म्हणून ते जन्मभर पाच मिनिटं पुढं लावलेलं, तसंच राहिलेलं.

"आता ईदनंतर एक रोजा जादा धरा," दारात जमलेल्यांपैकी कुणीतरी म्हणालं. परवाना नाही म्हणून पोलीस तोफ घेऊन गेले. चाचा मान खाली घालून बसले.

चाची भिंतीला पाठ टेकून बसलेली. खजूर चघळत म्हणाली, "मैंने सुना."

चाचांनी कॅलिपर डोळ्यांजवळ धरला. त्यात काहीच नव्हतं, तरी बराच वेळ बघत राहिले.

यंदाच्या रमजानला चाचा नाहीत. फार आठवण येते त्यांची. भांडायला बरोबरीचं माणूस उरलं नाही. संध्याकाळी अजान सुरू झाली की मी खलबत्त्यातला बत्ता उचलते आणि भिंतीवर जोरात ठोकते. पलीकडून चाची पाठ टेकल्या टेकल्या बोटांनी टकटक करते. माझ्या बाजूचा गिलावा पडायला लागलाय. पडू दे.