अण्णाने दिलेली गिटार

लग्नानंतर माझा मोठा भाऊ अण्णा बनशंकरी भागातलं आमचं घर सोडून वेगळा राहायला गेला, तेव्हा माळ्यावर पडलेली त्याची इलेक्ट्रिक गिटार त्याने मला दिली. कॉलेजात असताना हौसेने घेतलेली, अगदी स्वस्तातली. "तुझीच समज. नाहीतर भंगारात टाक," म्हणाला.

वाजवण्याच्या लायकीची ती नव्हतीच. तारा इतक्या उंच की दाबताना बोटं सोलून निघायची. मानेवरच्या फ्रेटची, म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्यांची, टोकं तळहाताला ओरखडायची. आवाजाचं बटण फिरवलं की नुसती खरखर. ऑफिसातून आल्यावर मी तिच्याच मागे लागायचे. इंटरनेटवर बघत बघत फ्रेटची टोकं कानशीने घासली, मानेच्या आतली सळई चावीने फिरवून वाकलेली मान सरळ केली, तारा खाली आणल्या. सुटलेली वायर डाग देऊन जोडताना हात भाजून घेतला. ज्या संध्याकाळी ती नीट वाजली, तेव्हा आईसुद्धा गॅस बारीक करून ऐकायला आली. रविवारी अण्णा आला. "हीच का ती?" म्हणत कितीतरी वेळ वाजवत बसला. मला फार बरं वाटलं.

त्यानंतर काही दिवसांनी घरी आले, तर गिटार जागेवर नव्हती.

"अण्णा घेऊन गेला," आई पोळ्या लाटता लाटता म्हणाली. "त्याच्या साहेबांच्या मुलीला हवी होती म्हणे. मीच जुन्या चादरीत गुंडाळून दिली."

"मला विचारायचं तरी."

"अगं, त्याचीच होती ना ती."

अण्णाला फोन केला. "तुला दुसरी आणतो, सरी? चालेल ना?" एवढंच बोलून त्याने ठेवला. दुसरी काही आली नाही.

उन्हाळ्यात मात्र त्याचाच फोन आला. साहेबांकडे गिटारच्या तारा झणझणायला लागल्या होत्या. "स्वल्प, जरा येऊन बघ ना गं." मी गेले. गिटार बघायची होती म्हणून गेले.

एचएसआर लेआउटमधल्या साहेबांच्या फ्लॅटमध्ये कॉफी आली. साहेब कन्नडमधून मला म्हणाले, "तुमच्या भावाच्या हातात कसब आहे हं. टाकाऊ गिटार होती, त्याने कशी करून दिली बघा!"

मी अण्णाकडे पाहिलं. तो कपात बघत होता. मग चावी घेऊन तो स्वतःच सळई आवळायला लागला. लाकूड करकरलं. कोरड्या हवेने मान मागे गेली होती, सळई सैल करायला हवी होती. अजून आवळली असती तर मोडलीच असती.

"थांब," म्हणत मी चावी काढून घेतली. थोड्या वेळात झणझण थांबली.

"तुम्हालाही येतं?" साहेबांच्या मुलीने विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत अण्णा म्हणाला, "मीच शिकवलंय तिला."

साहेबांसमोर मी त्याला खोटं पाडणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्या भरवशावरच त्याने मला तिथे नेलं होतं. खाली आल्यावर त्याने हेल्मेट पुढे केलं. "चिडलीस? अगं, प्रमोशनचं चाललंय माझं."

"तू जा," म्हटलं आणि मी बस स्टॉपकडे चालायला लागले.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "तिथे काही बोलली नाहीस ना?"

"नाही."

"शहाणी गं माझी," म्हणत तिने माझं ताट वाढायला घेतलं.

मी जेवले नाही.